बडतर्फीचा तंटा आणि कामगार न्यायालय : कोकणी गिरणीकामगाराच्या संदर्भात

मुंबई इलाख्यातील औद्योगिक कायद्याचा इतिहास लिहिणारे अभ्यासक बहुधा मुंबई, अहमदाबाद वा सोलापूर यांपैकी एखाद्या शहरापासून आरंभ करतात, आणि ते स्वाभाविकही आहे. गिरण्या तेथे होत्या, संप तेथे झाले, न्यायालये तेथे बसली. प्रस्तुत टिपणाचा आरंभ मात्र जेथे कापडाची गिरणी कधीच नव्हती अशा एका गावापासून करावयाचा आहे. कणकवली तालुक्यातील तळेरे हे ते गाव. विजयदुर्ग बंदराकडून येणारी वाट येथे मुंबई-गोवा रस्त्यास मिळते आणि पुढे वैभववाडीवरून गगनबावड्याच्या घाटाकडे व कोल्हापुराकडे जाते. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. तोवर हा सारा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. मुंबईच्या गिरण्यांना या जिल्ह्याने जितकी माणसे पुरविली तितकी दुसऱ्या कोणत्याही जिल्ह्याने पुरविली नाहीत. १९११ च्या शिरगणतीच्या वेळी मुंबईतील गिरणीकामगारांपैकी जवळजवळ निम्मे लोक या एका जिल्ह्यात जन्मलेले होते.

तळेऱ्यापासून आरंभ करण्याचे कारण असे की, बडतर्फीचा तंटा कारखान्याच्या दारात उभा राहतो खरा, परंतु पुष्कळदा त्याचे मूळ गावच्या घरात असते. ‘परवानगीवाचून गैरहजर’ या दोन शब्दांनी ज्यांची नोकरी गेली, त्यांच्या गैरहजेरीचे दिवस कोठे व कशापायी गेले हे गाव पाहिल्यावाचून कळत नाही. दुसरे कारण असे की, कामगार न्यायालयांच्या इतिहासात कोणत्या खटल्याचा निकाल कसा लागला यापेक्षा दाद मागण्याचा अधिकार कोणाचा मानला गेला, हा प्रश्न आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. बडतर्फी हा धन्याचा खाजगी कारभार समजावयाचा, की संघाच्या ताकदीचा प्रश्न, की सरकारच्या मर्जीचा विषय, की ज्याची भाकरी गेली त्या माणसाचा हक्क? गेल्या शतकात या चारही उत्तरांची आळीपाळीने चलती झाली आहे.

पहिले उत्तर सर्वांत जुने. इंग्रजी कायद्याच्या धनी-चाकर या कल्पनेवर आधारलेल्या आपल्या दिवाणी कायद्यात, कामावरून काढलेल्या माणसास फार तर नोटिशीच्या मुदतीचा पगार भरपाई म्हणून मागता येत असे. त्यास पुन्हा कामावर घ्या असा हुकूम दिवाणी न्यायालय देत नसे. वैयक्तिक सेवेचा करार सक्तीने पाळावयास लावू नये हे तत्त्व १८७७ च्या विशिष्ट अनुतोषाच्या कायद्यात ग्रथित झालेले होते. हे तत्त्व दोन्ही बाजूंस सारखेच लागू असते तर त्यास निदान सममिती तरी म्हणता आली असती. परंतु १८५९ च्या तेराव्या कायद्यान्वये उचल घेऊन काम सोडणाऱ्या कारागिरास व मजुरास फौजदारी न्यायाधीशापुढे उभे करता येत असे, आणि कामावर परत जाण्याचा हुकूम मोडल्यास तुरुंगातही पाठविता येत असे. हा कायदा १९२५ साली रद्द करण्याचे ठरले. म्हणजे चाकराने धनी सोडणे हा दीर्घकाळ गुन्हा होता, धन्याने चाकर सोडणे हा नव्हता.

गिरणीत प्रत्यक्षात धनी म्हणजे जॉबर. माणूस लावणारा तो, काढणारा तो आणि गावाहून परतलेल्यास पुन्हा साच्यावर उभा करणाराही तोच. कोकणातला माणूस शिमग्यास वा भाताच्या लावणीस गेला की त्याच्या जागी बदली लागे. तो परत आला की जागा त्याची की बदलीची, हे जॉबरच्या मर्जीवर व त्याच्या हाती पडणाऱ्या दस्तुरीवर अवलंबून असे. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या व्हिटले आयोगाच्या अहवालाने या सत्तेवर स्पष्ट बोट ठेवले, आणि माणूस लावण्याचे व काढण्याचे काम जॉबरकडून काढून घ्यावे असे सुचविले. याच आयोगाने आणखी एक शहाणपणाची गोष्ट सांगितली होती. कामगाराचे गावाशी असलेले नाते हा दोष नसून ती जमेची बाजू आहे. ते तोडू नये, नियमित करावे. आयोगाची पहिली सूचना पुढे बऱ्याच अंशी अमलात आली. दुसरीकडे कायद्याने फारसे लक्ष दिले नाही, आणि पुढे आपण ज्या तंट्यांचा विचार करणार आहोत त्यांतील कितीतरी या दुर्लक्षातून उद्भवलेले आहेत.

१९३४ साली मुंबई सरकारने तंटा-समेटाचा कायदा करून सरकारी मजूर अधिकारी नेमला. १९३८ साली बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने मुंबई औद्योगिक तंट्यांचा कायदा आणला. संपावर घातलेल्या बंधनांमुळे त्यास काळा कायदा म्हटले गेले, आणि डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्ट यांनी एकत्र येऊन ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप घडवून आणला. संप हा गुन्हा ठरविणे म्हणजे माणसास त्याच्या इच्छेविरुद्ध राबविणे होय, हा डॉ. आंबेडकरांचा युक्तिवाद वर उल्लेखिलेल्या १८५९ च्या कायद्याची आठवण ठेवून वाचला तर त्याची धार अधिक जाणवते. परंतु याच कायद्याने औद्योगिक न्यायालयाची स्थापना केली आणि गिरणीमालकांना स्थायी आदेश लेखी ठरवून घेणे भाग पाडले. गैरवर्तन कशास म्हणावे, शिक्षा कोणती, चौकशी कशी, हे कागदावर आल्यावाचून शिक्षेची कायदेशीरता तपासणे शक्यच नव्हते. संपाचे हत्यार बोथट करणारा आणि बडतर्फीस प्रथम लेखी नियमाचे बंधन घालणारा कायदा एकच होता. दोन्ही बाजूंच्या लेखकांनी आपापल्या सोयीचा अर्धा भागच सांगितला आहे.

यानंतरची पायरी म्हणजे मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६. गुलझारीलाल नंदा यांच्या कारकिर्दीत झालेल्या या कायद्याने प्रथमच ‘कामगार न्यायालय’ या नावाचे स्वतंत्र न्यायासन निर्माण केले. स्थायी आदेशांखाली मालकाने दिलेला हुकूम कायदेशीर आहे की नाही, एवढेच नव्हे तर तो उचित आहे की नाही, हेही तपासण्याचा अधिकार कलम ७८ अन्वये त्यास मिळाला. त्यावर औद्योगिक न्यायालयाकडे अपील होते. कामगाराने आधी मालकाकडे ठराविक मुदतीत लेखी विनंती करावयाची, पंधरा दिवसांत समेट न झाल्यास न्यायालयात अर्ज करावयाचा, असा क्रम होता. या विनंतीपत्रास गिरणगावात ‘अॅप्रोच लेटर’ याच नावाने ओळखत. ते वेळेवर दिले नाही म्हणून अर्ज फेटाळला जाई. त्यामुळे संघाच्या कचेरीत बडतर्फ कामगारास पहिला प्रश्न विचारला जाई तो याच पत्राविषयीचा.

या व्यवस्थेचे महत्त्व मध्यवर्ती कायद्याशी तुलना केल्यावाचून ध्यानात येत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमात कामगारास स्वतः न्यायालयात जाण्याची वाटच नव्हती. आधी समेट अधिकारी, मग सरकारचा अहवाल-विचार आणि सरकारला योग्य वाटल्यास न्यायाधिकरणाकडे प्रकरणाची रवानगी. त्यातही एकट्या माणसाची बडतर्फी हा ‘औद्योगिक विवाद’ होतो का, याविषयी मतभेद होते. नागपूरच्या एका वाहतूक कंपनीने १९५० साली मालाच्या चोरीच्या संदर्भात कामावरून काढलेल्या यंत्रज्ञाचे प्रकरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. फौजदारी खटल्यातून निर्दोष सुटल्यावर त्याने कामावर परत घेण्याची मागणी केली. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या कायद्याखाली त्यास स्वतः अर्ज करता येतो असे सर्वोच्च न्यायालयाने १९५६ साली ठरविले. परंतु त्याच निर्णयात मध्यवर्ती कायद्याखाली एकट्याचा तंटा संघाने वा सहकाऱ्यांनी उचलून धरल्यावाचून औद्योगिक विवाद होत नाही, या मताकडे आपला कल असल्याचेही नमूद केले. हीच भूमिका पुढे दृढ झाली. मध्यवर्ती कायद्याखालील कामगार न्यायालये १९५६ च्या दुरुस्तीने आली, आणि एकट्याची बडतर्फी हाही औद्योगिक विवाद होय असे म्हणणारे कलम २-अ यावयास १९६५ साल उजाडले. म्हणजे जो अधिकार मुंबईच्या गिरणीकामगारास १९४७ पासून होता, तो शेजारच्या इंजिनिअरिंग कारखान्यातील त्याच्याच भावास आणखी अठरा वर्षे नव्हता. एकाच घरातील दोघे भाऊ एकाच चाळीत राहून दोन निरनिराळ्या न्यायव्यवस्थांचे प्रजाजन होते.

तथापि मुंबईच्या कायद्याने उघडलेल्या दारास एक उंबरठा होता. एका स्थानिक क्षेत्रातील एका उद्योगात एकच प्रातिनिधिक संघ, आणि कामगारांच्या वतीने बोलण्याचा प्रथम अधिकार त्याचा, हे या कायद्याचे मर्म. मुंबईच्या कापडधंद्यात तो मान राष्ट्रीय मिल मजदूर संघास होता. प्रातिनिधिक संघ कामकाजात उभा राहिल्यास कामगारास स्वतः उभे राहता येते का? अहमदाबादेतील एका गिरणीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली या प्रश्नाचे नकारार्थी उत्तर दिले. कामगारांनी आपण होऊन अर्ज केलेला असला तरी संघ पुढे आल्यावर त्यांचा आवाज बंद. सामुदायिक वेतनवाढीच्या प्रश्नात या तत्त्वाचे समर्थन करता येईल. बडतर्फीच्या प्रश्नात ते करणे कठीण आहे, कारण तेथे संघ चुकला तर त्याची किंमत एकटा माणूस मोजतो. महाराष्ट्राने पुढे कलम ३२ मध्ये दुरुस्ती करून बडतर्फी, सेवासमाप्ती, निलंबन अशा हुकमांविषयीच्या कामकाजापुरता हा अडसर दूर केला.

आता गैरहजेरीकडे वळू. गिरणीकामगाराच्या बोलीत तिला ‘खाडा’ म्हणत. एक-दोन दिवसांचा खाडा पगारातून कापला जाई. लांबलेला खाडा नोकरीवर येई. मध्यवर्ती नियमांतील १९४६ च्या नमुना स्थायी आदेशांत दोन तरतुदी होत्या. एक, सलग दहा दिवसांहून अधिक काळ रजेवाचून गैरहजर राहणे हे गैरवर्तन. दोन, रजेची मुदत संपल्यावर आठ दिवसांत परतून समाधानकारक खुलासा न केल्यास जागेवरचा हक्क जाणे. पहिल्या तरतुदीत आरोपपत्र, चौकशी, शिक्षा हा क्रम येतो. दुसरीत काहीच येत नाही. माणूस जणू आपण होऊन निघून गेला असे धरले जाते.

हे आठ व दहा दिवस तळेऱ्याच्या पंचांगावर ठेवून पाहावेत. कारखान्यांच्या कायद्यात पगारी रजा आली ती १९४५ च्या दुरुस्तीने, वर्षास दहा दिवस. १९४८ च्या कायद्याने कामाच्या दर वीस दिवसांस एक दिवस असे प्रमाण ठरले. घरातील वडील माणूस गेले तर तेराव्यापर्यंत मुलास घर सोडता येत नाही, म्हणजे दहा दिवसांची रजा सुतकातच संपली. प्रवासाचे दिवस निराळे. किनाऱ्यावरच्या आगबोटी होत्या त्या काळी विजयदुर्गास उतरून तळेऱ्याकडची वाट धरावी लागे. पावसाळ्यात बोटी बंद. मग गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापूर गाठावयाचे आणि तेथून आगगाडीने मुंबई. लावणी नेमकी याच दिवसांत. तापाने अंथरूण धरले तर गावात डॉक्टर नाही, आणि वैद्याच्या चिठ्ठीस टाइमकीपर किंमत देत नाही. गिरणीने मुंबईच्या खोलीच्या पत्त्यावर धाडलेले आरोपपत्र गावी वळते होऊन येईपर्यंत चौकशीची तारीख उलटून गेलेली असावयाची. यात मालकाचा दुष्टावा असलाच पाहिजे असे नाही. साचा रिकामा ठेवता येत नाही ही त्याची अडचणही खरी आहे. दोन निरनिराळ्या कालगणना एकमेकींवर आदळत होत्या, आणि स्थायी आदेशांना त्यांपैकी एकच ठाऊक होती.

न्यायालयांनी हा प्रश्न कसा हाताळला? मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरणीतील एक कामगार रजेवर गेला, आजारी पडला व मुदतीत परतला नाही. सलग आठ दिवसांच्या गैरहजेरीने नोकरी सोडल्याचे गृहीत धरणारा त्या गिरणीचा स्थायी आदेश सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. १९६४ च्या निर्णयसंग्रहांत आलेला हा निर्णय न्या. गजेंद्रगडकरांचा होता. औद्योगिक न्यायाच्या क्षेत्रात कामगारांविषयी त्यांच्याइतकी आस्था दाखविणारे न्यायाधीश थोडेच झाले, हे ध्यानात घेता त्या काळी शब्दशः अर्थाची पकड किती घट्ट होती हे दिसून येते. पुढे १९८२ साली, गैरहजेरीमुळे पटावरून नाव कमी करणे ही कामगारकपातच होय, म्हणून तीस कपातीच्या कायदेशीर अटी लागू होतात, असा निर्णय झाला. अखेर १९९३ साली हरियाणातील एका प्रकरणात न्यायालयाने म्हटले की, स्थायी आदेशात काहीही लिहिलेले असो, चौकशीवाचून व म्हणणे ऐकून घेतल्यावाचून अशी आपोआप सेवासमाप्ती करता येणार नाही. उपजीविका हा जीविताच्या हक्काचा भाग आहे. त्या प्रकरणातील कामगाराचे म्हणणे असे होते की, आपण गैरहजर नव्हतोच, दारावर रोज येत होतो, आत सोडले जात नव्हते. चौकशी न करता ‘आपण होऊन गेला’ असे धरण्यात कोणता धोका आहे हे याहून स्पष्ट करून सांगण्याची आवश्यकता नाही. मात्र १९४६ पासून १९९३ पर्यंत सत्तेचाळीस वर्षे गेली, आणि मुंबईच्या गिरण्यांतील कोकणी माणसाच्या दृष्टीने हा निर्णय उशिराच आला.

शिक्षेच्या प्रमाणाचा प्रश्न याच्याशी निगडित आहे. गैरवर्तन सिद्ध झाले तरी त्यास बडतर्फीच का? मुंबईच्या १९४६ च्या कायद्यातील ‘औचित्य’ या शब्दात या प्रश्नास जागा होती. मध्यवर्ती कायद्याखाली मात्र १९५७ च्या इंडियन आयर्न अँड स्टीलच्या निर्णयाने न्यायाधिकरणाचे हात बांधले होते. सद्भावाचा अभाव, सूडबुद्धी, नैसर्गिक न्यायाचा भंग आणि पुराव्याशी सर्वस्वी विसंगत निष्कर्ष, या चार कारणांखेरीज मालकाच्या निर्णयात हात घालावयाचा नाही. १९७१ साली कलम ११-अ येऊन शिक्षा बदलण्याचा अधिकार न्यायाधिकरणांस व कामगार न्यायालयांस मिळाला, आणि १९७३ साली फायरस्टोन कंपनीच्या प्रकरणात त्याचा अर्थ विस्ताराने सांगितला गेला.

महाराष्ट्राची याहून वेगळी वाट म्हणजे अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा १९७१ चा अधिनियम. १९६८ साली नेमलेल्या समितीच्या अहवालावर तो आधारलेला असून ८ सप्टेंबर १९७५ पासून अमलात आला. त्याच्या चौथ्या अनुसूचीच्या पहिल्याच बाबीत अन्याय्य बडतर्फीचे प्रकार वर्णिले आहेत. सूडबुद्धीने, खोट्या आरोपात गुंतवून, नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून, क्षुल्लक चुकीस धक्कादायक शिक्षा देऊन आणि, आपल्या विषयास अगदी जवळचे म्हणजे, रजेवाचून गैरहजेरीचा खोटा वा रचलेला आरोप ठेवून. या बाबीची तक्रार कामगार न्यायालयाकडे, नव्वद दिवसांत, आणि कामगारास स्वतः करता येते. चौथ्या अनुसूचीतील इतर काही बाबींत मान्यताप्राप्त संघामार्फतच यावे लागते. बडतर्फीस ती अट नाही. सरकारने प्रकरण पाठविण्याची वाट पाहावयाची नाही, अंतरिम आदेशही मागता येतो. १९९५ साली हिंदुस्तान लिव्हरच्या प्रकरणात, बडतर्फीचा हुकूम निघण्यापूर्वीही तक्रार करता येते असे ठरले. १९९८ च्या कलर-केम प्रकरणात रात्रपाळीस पहाटे साडेतीनच्या सुमारास झोपलेले आढळले म्हणून कामावरून काढलेल्या कामगारांची शिक्षा धक्कादायक प्रमाणाबाहेरची ठरली. ज्याने कधी रात्रपाळी केली आहे त्यास या निर्णयाचे मर्म सांगावयास नको.

कायद्याची ही वाढ होत असताना ज्यांच्यासाठी ती होती ते कारखानेच नाहीसे होत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. १९४६ चा कायदा रद्द करावा ही त्यातील एक प्रमुख मागणी होती, कारण त्याच कायद्याने मान्य केलेल्या संघास कामगारांनी पाठ दाखविली होती. संपानंतर कितीकांना परत घेतले गेले नाही, आणि गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. १९४९ साली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनच्या प्रकरणात फेडरल कोर्टाने मान्य केलेला कामावर परत घेण्याचा हुकूम हे औद्योगिक न्यायाचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य. पण गिरणीच उरली नसेल तर तो हुकूम बजावावयाचा कोणावर? उरते ती भरपाई व मागील पगार. मागील पूर्ण पगार हा सर्वसाधारण नियम असल्याचे १९७८ साली हिंदुस्तान टिन वर्क्सच्या प्रकरणात सांगितले गेले होते. पुढे त्यास अनेक अपवाद पडत गेले, आणि २०१३ साली औरंगाबादच्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयास तो पुन्हा निक्षून सांगावा लागला. उच्च न्यायालयात प्रकरण रेंगाळत असता कामगारास शेवटचा पगार चालू ठेवण्याची कलम १७-ब ची तरतूद १९८४ पासून होती.

मुंबईच्या गिरण्यांशी तळेऱ्याचा संबंध आता पेन्शनीपुरता व घरांच्या सोडतीपुरता उरला आहे. परंतु बडतर्फीशी नाही. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेल्या एस. टी. कर्मचाऱ्यांच्या दीर्घ संपात याच फाट्यावरच्या गाड्या थांबल्या होत्या, आणि राज्यभर हजारोंवर निलंबनाची व बडतर्फीची कारवाई झाली. त्या वेळी वाट निघाली ती मुख्यतः उच्च न्यायालयातून. एप्रिल २०२२ मध्ये त्याने २२ एप्रिलपर्यंत कामावर रुजू होण्यास सांगून, परतणाऱ्यांस कामावरून काढू नये असे महामंडळास बजावले. एकेका माणसाच्या तक्रारीसाठी घडविलेली यंत्रणा एकाच वेळी हजारोंच्या बडतर्फीपुढे अपुरी पडते, हे १९८२ प्रमाणेच या वेळीही दिसले.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४७ च्या मध्यवर्ती कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. तिच्या रचनेत कामगार न्यायालय ही पायरी नाही. एक न्यायिक व एक प्रशासकीय अशा दोन सदस्यांचे न्यायाधिकरण आहे. बडतर्फ कामगारास समेटाचा प्रयत्न फसल्यावर स्वतः अर्ज करता येतो. जुन्या कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने तीन वर्षांची असलेली मुदत संहितेत दोन वर्षांची झाली आहे.